आधी सनद, मग तिकीट

‘माझी मुलगी बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला आहे, विषय राज्यशास्त्र. मी तहसील कचेरीत अव्वल कारकून आहे. तिनं एमपीएससी करावी, नाही तर एलएल.बी. करून न्यायाधीशाची परीक्षा द्यावी, अशी माझी इच्छा. ती म्हणते, एलएल.बी. करीन, पण वकिली आपल्याच तालुक्यात करीन आणि पुढं आमदारकी लढवीन. आमच्या घराण्यात ग्रामपंचायतीलासुद्धा कुणी उभं राहिलेलं नाही. शेती चार एकर, कोरडवाहू. याला करिअर म्हणायचं की वेड? शिवाय स्थळं येऊ लागली आहेत, त्यांना काय सांगू?’
– एक वडील, मराठवाडा

सप्रेम नमस्कार,

तुमचं पत्र दोनदा वाचलं. पहिल्यांदा तुमची बाजू पटली, दुसऱ्यांदा मुलीची. उत्तराला उशीर झाला तो त्यामुळं.

तालुक्याच्या कोर्टातली वकिली हे करिअर आहे. आमदारकी नाही. तिला अभ्यासक्रम नाही, बढती नाही, निवृत्तीचं वय नाही, आणि दर पाच वर्षांनी तीन-साडेतीन लाख मतदारांपुढं नव्यानं हात जोडावे लागतात. विधानसभेच्या जागा २८८ असल्या तरी तुमच्या मुलीच्या उपयोगाची त्यातली एकच, तिच्या तालुक्याची. तीही राखीव आहे का, पक्ष तिकीट कुणाला देतो, आघाडीत जागा कुणाच्या वाट्याला जाते, यातलं काहीच तिच्या हातात नाही. अशा एका जागेवर आयुष्य बेतणं याला मी नियोजन म्हणणार नाही. पण वकिली आणि आमदारकी या दोन गोष्टी तिनं एका दमात सांगितल्या, ती जोडी मात्र वेडी नाही.

राजकारणात जायचं म्हणणारी मुलं माझ्याकडे येतात, तेव्हा मी त्यांना एक प्रश्न विचारतो. निकाल शनिवारी लागला, तुम्ही पडलात, तर सोमवारी सकाळी अकरा वाजता कुठे असाल? बहुतेक जण गप्प बसतात. काही जण हसतात. वकिलाला मात्र याचं उत्तर शोधावं लागत नाही. सोमवारी बोर्डावर, म्हणजे कोर्टाच्या त्या दिवसाच्या यादीत, तिची प्रकरणं लागलेली असतात, तिला कोर्टात जायचंच असतं. पक्षकार दोन दिवस ‘थोडक्यात गेलं, मॅडम’ म्हणतील आणि तिसऱ्या दिवशी आपल्या बांधाचं विचारतील. तुमच्या मुलीची सगळी योजना या सोमवारवर उभी राहायला हवी, असं मला वाटतं.

सांगोल्याचे गणपतराव देशमुख तुम्हाला माहीत असतील. शिक्षणानं वकील. शेतकरी कामगार पक्षाचे. १९६२ ते २०१४ या काळात एकाच मतदारसंघातून अकरा वेळा निवडून आले. लोक तो अकराचा आकडा सांगतात. मी मुलांना १९७२ आणि १९९५ ही दोन सालं सांगतो. त्या दोन्ही वेळा ते पडले होते. १९७४ च्या पोटनिवडणुकीत परत आले, १९९९ मध्ये पुन्हा आले. मधल्या काळात ते सांगोला सोडून कुठं गेले नाहीत.

यशवंतराव चव्हाणांचं उदाहरण मुलं फार देतात आणि बहुधा चुकीचं देतात. १९४१ मध्ये ते कायद्याची पदवी घेऊन कराडला आले, वकिली सुरू केली, १९४२ ला भूमिगत झाले आणि १९४६ मध्ये दक्षिण साताऱ्यातून मुंबई विधिमंडळात गेले. म्हणजे काळा कोट त्यांच्या अंगावर जेमतेम टिकला. त्यांना विधिमंडळात नेलं ते चळवळीनं. १९३२ मध्येच अठरा महिन्यांची सजा झालेली होती, तीही पदवीच्या कितीतरी आधी. तुमच्या मुलीला जवळचं उदाहरण हवं असेल तर वसंतराव नाईकांचं घ्या. १९४० मध्ये एलएल.बी., अमरावतीला डॉ. पंजाबराव देशमुखांच्या हाताखाली उमेदवारी, मग पुसदसारख्या तालुक्याच्या गावी स्वतःची वकिली. १९४६ मध्ये पुसदचे नगराध्यक्ष. १९५२ मध्ये आमदार, तेही मध्य प्रदेशाच्या विधानसभेत, कारण तेव्हा विदर्भ तिकडं होता. मुख्यमंत्री व्हायला १९६३ उजाडलं. ज्युनिअर, वकील, नगराध्यक्ष, आमदार हा क्रम तिला दाखवा. अर्थात तेव्हा तालुक्याला वकील मोजके असत. आज तुमच्या बाररूममध्ये दुपारी बसायला खुर्ची मिळत नसेल.

म्हणून आता वकिलीबद्दल थोडं सविस्तर लिहितो. मुलीच्या योजनेत ‘तालुक्यात वकिली करीन’ हे वाक्य फार पटकन येऊन गेलंय.

पहिली दोन वर्षं ती वकील नसते, ज्युनिअर असते. सिनियरच्या फायली उचलायच्या, डायरीत तारखा लिहायच्या, मुदतीचे अर्ज द्यायचे, पुरशिस (कोर्टाला द्यायचं छोटं लेखी निवेदन) दाखल करायची, नकलांसाठी खिडकीशी उभं राहायचं, बेंच क्लार्कचा मूड ओळखायला शिकायचं. पैसे? बार कौन्सिल ऑफ इंडियानं २०२४ मध्ये ग्रामीण भागातल्या ज्युनिअरला दरमहा किमान १५,००० रुपये विद्यावेतन द्यावं, अशी शिफारस केली. ती शिफारस आहे, सक्ती नव्हे. तालुक्यात कित्येक सिनियर पेट्रोलपुरते देतात आणि वर चहा पाजतात. तेव्हा सनद, म्हणजे वकिलीचा परवाना, मिळाल्यापासून तीन वर्षं मुलीचा खर्च घरातून चालेल अशी तयारी ठेवा. तुमचा पगार चालू आहे तोवर हे जमेल. निवृत्तीला किती वर्षं उरली ते तुम्ही लिहिलेलं नाही, पण हिशेबात ते धरा.

चौथ्या-पाचव्या वर्षी स्वतःची वकीलपत्रं येऊ लागतात. भावाभावांतले वाटपाचे दावे, मनाई हुकूम, कलम १३८ चे न वटलेल्या चेकचे खटले, पोटगी, जामीन. आणि तुमच्या कचेरीतली कामं: फेरफाराच्या हरकती, सातबाऱ्यातल्या दुरुस्त्या, मामलेदार कोर्ट कायद्याखालची अडवलेल्या वाटेची प्रकरणं. शहरातल्या वकिलांना यातलं निम्मं माहीत नसतं. पण एखाद्या तालुक्याचं खरं दुखणं कुठं आहे, हे आमदाराच्या जनता दरबारापेक्षा या फायलींमध्ये जास्त कळतं. बांधाचा रस्ता अडला की शेतकरी आधी तलाठ्याकडे जातो, मग पोलीस पाटलाकडे, मग पुढाऱ्याकडे आणि सगळे थकले की वकिलाकडे. त्या वेळी तो पुढाऱ्याला न सांगितलेलं सगळं सांगतो.

इथंच एक गोम आहे. वाटपाच्या दाव्यात एका भावाचं वकीलपत्र घेतलं की दुसरा भाऊ, त्याची भावकी आणि त्याचे मेहुणे समोरच्या बाजूला जातात. डॉक्टर सगळ्या गावाचा असतो, मास्तर सगळ्या गावाचा असतो. वकील प्रत्येक खटल्यात अर्ध्या घराचा असतो. तापलेल्या गावात कुणा आरोपीचा जामीन घेतला तर दहा वर्षांनी निवडणुकीत ‘त्याचा जामीन कुणी घेतला होता?’ असा मेसेज फिरतो. आरोपीला वकील मिळणं हा त्याचा हक्क आहे, हे प्रचारसभेत समजावून सांगायला वेळ मिळत नाही. पण याची दुसरी बाजूही मी पाहिली आहे. स्वच्छ काम करणाऱ्या वकिलाबद्दल विरुद्ध पक्षकारच बाहेर येऊन म्हणतो, ‘बाई आपल्या विरुद्ध होती, पण खोटं बोलली नाही.’ तालुक्यात या वाक्याला फार किंमत असते आणि ते कमवायला दहा वर्षं लागतात.

मुलगी आहे म्हणून एक जादा सूचना. तालुक्यात महिला वकिलाकडे आपोआप ‘बायकांच्या केसेस’ ढकलल्या जातात, नवरा-बायकोची भांडणं तेवढी तिची, जमिनीचे दावे सिनियर ‘साहेबांचे’. तिनं हे मुकाट स्वीकारू नये. दिवाणी आणि महसुली काम पहिल्या दिवसापासून मागून घ्यावं. तालुका विधी सेवा समितीच्या पॅनेलवर नाव नोंदवावं. पैसे थोडे मिळतात, पण ज्यांना कुणी दारात उभं करत नाही अशी माणसं तिथं भेटतात. मोफत वकिलासाठी स्त्रियांना उत्पन्नाची अट नाही, हे तालुक्यातल्या किती बायकांना माहीत असतं, ते तिनं एकदा विचारून पाहावं.

माझ्याकडून एकदा चूक झाली, ती सांगून टाकतो. बऱ्याच वर्षांपूर्वी एका हुशार मुलाला मी सांगितलं होतं, ‘वकिली करता करता राजकारण आपोआप होईल.’ त्यानं ते मनावर घेतलं. सनद मिळून दोन वर्षं होतात न होतात तोच तो पालिकेच्या निवडणुकीला उभा राहिला. सहा महिने कोर्टाकडे फिरकला नाही, तारखा चुकल्या, एका गरीब बाईचा दावा गैरहजेरीत निकाली निघाला. तो निवडणूक हरला आणि परत आला तेव्हा जायला ऑफिसच उरलं नव्हतं. तो माझ्यावर रागावला नाही, याचं मला अजून वाईट वाटतं. तेव्हापासून मी ‘आपोआप’ हा शब्द वापरत नाही.

आता विधिमंडळाकडे येतो. वकील तिथं गेल्यावर नेमकं काय वेगळं करू शकतो, हे मुलीला कळायला हवं. नाहीतर ‘आमदार’ म्हणजे गाडी, अंगरक्षक आणि फ्लेक्स एवढंच डोळ्यांपुढं राहतं. (फ्लेक्सवरून आठवलं: वकिलाला जाहिरात करायला बार कौन्सिलच्या नियमांनी मनाई आहे. वाढदिवसाच्या बोर्डावर ‘ॲड.’ लावून स्वतःचा उदोउदो करणाऱ्यांनी तो नियम एकदा वाचावा.)

अर्थसंकल्पी आणि पावसाळी अधिवेशन मुंबईत भरतं. हिवाळी नागपूरला, १९५३ च्या नागपूर कराराचा शब्द म्हणून. या दिवसांत तारांकित प्रश्नांची, म्हणजे मंत्र्यांनी सभागृहात तोंडी उत्तर द्यायच्या प्रश्नांची, यादी तिनं मिळवून वाचावी. प्रश्नाची रचना ठरलेली असते: अमुक झाले, हे खरे आहे काय, असल्यास, शासनाने कोणती कार्यवाही केली, नसल्यास, विलंबाची कारणे काय आहेत? आणि उत्तरं येतात: ‘होय’, ‘अंशतः खरे आहे’, ‘प्रश्न उद्भवत नाही’. उलटतपास घेतलेला माणूस हे वाचून गालात हसतो. साक्षीदाराला भाषण ठोकायची संधी न देता होय किंवा नाही यावर आणायचं, हेच कसब इथं लागतं. सैल शब्दांत प्रश्न विचारला की ‘प्रश्न उद्भवत नाही’ एवढं म्हणून मंत्री सुटतात. ‘अंशतः खरे’ कुठल्या अंशापुरतं, हे पुरवणी प्रश्नात पकडता आलं तर अर्धं काम झालं.

विधेयकाचंही तसंच. ‘तहसीलदार तीस दिवसांत निर्णय देईल’ आणि ‘निर्णय देऊ शकेल’ यातला फरक सभागृहात बसलेल्या प्रत्येकाच्या लक्षात येतोच असं नाही. तुमच्या कचेरीत वर्षानुवर्षं पडून असलेल्या फायली तुम्ही पाहिल्या आहेत. त्या ‘शकेल’चा अर्थ तुम्हाला मी सांगायला नको. लक्षवेधी, अर्धा तास चर्चा, अशासकीय (मंत्री नसलेल्या आमदारानं मांडलेलं) विधेयक, मंत्र्यांनी सभागृहात दिलेल्या शब्दाचा आश्वासन समितीपुढचा पाठपुरावा, ही सगळी हत्यारं आमदाराला दिलेली आहेत. ती चालवायला कायद्याची पदवी लागत नाही, पण कागद शेवटपर्यंत वाचायची सवय लागते आणि ती कोर्टात लागते.

मात्र तिच्या मनात हेच चित्र असेल तर दुसरंही दाखवा. अधिवेशनाचे दिवस वर्षातले मोजके. बाकीच्या दिवसांत आमदार लग्नाला, दहाव्याला, दवाखान्यात, पोलीस ठाण्यात आणि बदल्यांच्या शिफारसपत्रांत असतो. पहाटे सहाला दारात माणसं बसतात, त्यातल्या कुणालाही विधेयकाशी देणंघेणं नसतं. आणि महत्त्वाच्या मतदानाला पक्षाचा व्हिप, म्हणजे अमुक बाजूनंच मत द्या असा आदेश, निघाला की पक्षांतरबंदीचा कायदा आहे. १९८५ पासून राज्यघटनेच्या दहाव्या परिशिष्टात बसलाय. स्वतः अभ्यासून विरोधात ठरवलेल्या कलमालाही हात वर करावा लागू शकतो. कोर्टात वकील अशिलाची बाजू मांडतो, पण न पटणारं वकीलपत्र परत करता येतं. पक्षाचं वकीलपत्र परत केलं तर जागाच जाते.

पैशाबद्दल तुम्ही विचारलं नाही, पण कोरडवाहू चार एकरांचा उल्लेख केलात, त्यात सगळं आलं. विधानसभेची अनामत १०,००० रुपये. अनुसूचित जाती-जमातीच्या उमेदवाराला ५,०००. वैध मतांच्या एक-षष्ठांशाहून कमी मतं पडली तर ती जप्त. खर्चाची कायदेशीर मर्यादा ४० लाख. ही मर्यादा वाचून गावातला कुणीही पुढारी का हसतो, हे तुम्हाला ठाऊक आहे. म्हणूनच मी सुरुवात विधानसभेपासून करू देणार नाही. जिल्हा परिषद, पंचायत समिती, नगरपालिका यांना वयाची अट २१, आणि निम्म्या जागा महिलांसाठी राखीव. विधानसभेला वय २५ लागतं, विधान परिषदेला ३०. आर. आर. पाटील कायद्याची पदवी घेतलेले, घरची परिस्थिती तुमच्यापेक्षा बरी म्हणता येणार नाही अशी. १९७९ ते १९९० जिल्हा परिषदेत राहिले, मग तासगावातून आमदार. अकरा वर्षं ‘फक्त’ जिल्हा परिषद सदस्य. तुमच्या मुलीला ही अकरा वर्षं जड वाटतात की हलकी, ते तिला विचारा; तिचं उत्तर मला कळवा. एक अडचण मात्र खरी आहे. ओबीसी आरक्षणाच्या खटल्यामुळं स्थानिक निवडणुका कित्येक वर्षं रखडल्या आणि पालिका-परिषदा प्रशासकांच्या हाती गेल्या. एका पिढीची खालची पायरी अशी मध्येच गायब झाली.

विधानसभा आणि लोकसभेत एक-तृतीयांश महिला आरक्षणाची घटनादुरुस्ती २०२३ मध्ये झाली. तिची अंमलबजावणी जनगणना आणि मतदारसंघांच्या फेररचनेला बांधलेली आहे. २०२४ च्या विधानसभेत २८८ पैकी महिला आमदार पंचवीससुद्धा नव्हत्या. आरक्षण लागू झालं की पक्षांना उमेदवार शोधावे लागतील, आणि तेव्हा बहुतेक ठिकाणी कुणाची तरी पत्नी किंवा सून सापडेल. दहा वर्षं कोर्टात उभी राहिलेली बाई त्या यादीत वेगळी दिसेल. दिसेल म्हणतोय, तिकीट मिळेल म्हणत नाही.

निवडून आली तर वकिली सोडावी लागेल का? नाही. सर्वोच्च न्यायालयानं २०१८ मध्ये स्पष्ट केलं की खासदार-आमदारांना वकिली करायला मनाई नाही, कारण ते बार कौन्सिलच्या नियमातले पूर्णवेळ पगारी नोकर नव्हेत. व्यवहारात ती कमी होतेच. पण सनद जिवंत राहते, ऑफिसच्या दारावरची पाटी राहते. माझ्या सोमवारला तेवढं पुरेसं आहे.

आता तुमच्या इच्छेचं. न्यायाधीश होण्याचा मार्ग तुम्ही समजता तसा आता सरळ राहिलेला नाही. मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं कनिष्ठ स्तर दिवाणी न्यायाधीशपदासाठी किमान तीन वर्षं वकिलीची अट पुन्हा आणली. म्हणजे तुमचा रस्ता आणि मुलीचा रस्ता पहिली सहा वर्षं एकच आहे: तीन वर्षं एलएल.बी., तीन वर्षं कोर्ट. आज घरात भांडायचं कारणच नाही. भांडण सहा वर्षांनी करा. तोवर तिला न्यायासनासमोर उभं राहून कळलेलं असेल की आपल्याला पलीकडे बसायचंय की अलीकडेच राहायचंय. फक्त एक गोष्ट आत्ताच स्पष्ट असू द्या, न्यायाधीश झाली तर राजकारणाचं दार बंद. दोन्ही दगडांवर पाय ठेवता येणार नाही.

प्रवेशासाठी राज्याच्या सीईटी कक्षाची एमएच-सीईटी लॉ द्यावी लागेल, तीन वर्षांच्या अभ्यासक्रमाची. पाच वर्षांचा बारावीनंतरचा, तो तिला लागू नाही. कॉलेज निवडताना इमारत बघू नका, अभिरूप न्यायालय (विद्यार्थ्यांचा सरावाचा खटला) खरंच चालतं का आणि हजेरी खरंच घेतात का, ते बघा. पुण्या-मुंबईत मिळालं तर पाठवा. परत येईल का ही धास्ती असेल, तर ती आल्यावर बघू. पदवीनंतर बार कौन्सिल ऑफ महाराष्ट्र अँड गोवाकडे नोंदणी. तिचं शुल्क सर्वसाधारण उमेदवाराला ७५० आणि अनुसूचित जाती-जमातीला १२५ रुपयांपेक्षा जास्त घेता येत नाही, हा सर्वोच्च न्यायालयाचा जुलै २०२४ चा निकाल आहे. कुणी जादा मागितलं तर तुमच्या मुलीची पहिली केस तीच. त्यानंतर अखिल भारतीय बार परीक्षा. १ जुलै २०२४ पासून फौजदारी कायदे बदलले आहेत, जुनी पुस्तकं कुणी स्वस्तात देत असेल तर घेऊ नका.

तुमच्या नोकरीचं मात्र सांभाळा. शासकीय कर्मचाऱ्याला वर्तणूक नियमांनी प्रचार करता येत नाही, मुलीचाही नाही. ती उभी राहिली तर तुम्ही मत द्यायचं आणि गप्प घरी यायचं. त्याहून जवळचा प्रश्न असा की तुम्ही कचेरीत असताना तिनं तिथं फेरफाराची प्रकरणं चालवू नयेत. नियमात बसेलही कदाचित, पण ‘बाप आत, पोरगी बाहेर’ हे वाक्य तालुक्यात फिरायला एक आठवडा लागत नाही. तुमची बदली किंवा निवृत्ती होईपर्यंत तिनं दिवाणी कोर्ट धरावं.

स्थळांचं विचारलंत. त्यांना सांगा, मुलगी वकिलीला जातेय, सहा वर्षं तिला मोकळीक हवी. एवढ्यावर जे उठतील त्यांना चहा देऊन उठू द्या. आमदारकीचं तुम्ही सांगू नका. ते ज्याला सांगायचं त्याला ती सांगेल.

तुमचा,
मार्गदर्शक